हलकी बॅग आणि पोपटांची चादर

भालचंद्र वऱ्हाडपांडे यांनी त्या सकाळी एक छोटासा निर्णय घेतला. घरातले मोठे निर्णय वैजयंतीबाई घेत असत (छोटेही त्याच घेत, पण तसं कुणी मोठ्यानं बोलत नसे), त्यामुळे हा स्वतःचा निर्णय घेतल्यावर भालचंद्ररावांना थोडं धडधडलंच. निर्णय असा होता, की या वेळी इंदूरला जाताना मरून सुटकेस न्यायची नाही.

मरून सुटकेस कोलार रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर राहायची. तिची दोन्ही चाकं वेगवेगळ्या दिशांना जात आणि हँडल अर्ध्यात अडकायचं. गेल्या खेपेला ती बसमधून उतरवताना भालचंद्ररावांची कंबर धरली आणि ते मेहुण्याच्या दारात काटकोनात पोचले. निर्मलामावशी, म्हणजे वैजयंतीबाईंची मावशी, दारातच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, जावई नमस्काराला वाकलेत. त्यांनी डोक्यावर हात ठेवून "असू दे, असू दे, औक्षवंत व्हा" असा आशीर्वाद दिला. बराच वेळ झाला तरी जावई उठेनात, तेव्हा त्यांनी तोच आशीर्वाद पुन्हा एकदा दिला.

आता वैजयंतीबाईंच्या धाकट्या भावाच्या, नितीनच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. दोन दिवसांचं काम. भालचंद्ररावांनी सकाळच्या चहाबरोबर विषय काढला.

"दोन दिवसांसाठी माणसाला लागतं काय?"

"माणसाला काही लागत नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या, "तुम्हाला लागतं."

"या वेळी मी एकच पिशवी नेणार. पाठीवरची. एकदम हलकी. माझं सगळं त्यात."

खरं तर कंबर हे निमित्त होतं. भालचंद्ररावांच्या मनात पचमढी होती. लग्न झाल्यापासून या जोडप्यानं प्रवास कमी केला नव्हता. नागपूर झालं, ग्वाल्हेर झालं, उज्जैन तर किती वेळा झालं. पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी लग्न, नाहीतर मुंज, नाहीतर बारसं. प्रत्येक गावात कुणाच्या तरी गादीवर झोपायचं आणि कुणाच्या तरी आग्रहाची पोळी खायची. पचमढी भोपाळहून जेमतेम पाच तासांवर, पण तिथं ते कधी गेले नव्हते, कारण तिथं त्यांचं कुणी नातेवाईकच राहत नव्हतं. भालचंद्ररावांना एकदाच, फक्त एकदाच, बायकोबरोबर अशा गावी जायचं होतं जिथं कुणी "किती वाळलात हो" असं म्हणणार नाही. नुसतं एखाद्या दगडावर दोघांनी बसायचं. ही गोष्ट ते दरवर्षी काढत आणि दरवर्षी वैजयंतीबाई विचारत, "सामान कोण उचलणार? तुमची कंबर?"

आजही त्यांनी तेच विचारलं असतं, पण पिशवीचं ऐकून त्या थांबल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "इंदूरला जाऊन या त्या एका पिशवीत. जाऊन-येऊन एकदाही 'वैजू, माझं अमुक कुठंय' म्हणाला नाहीत, आणि माझ्या माहेरी मला खाली बघायला लावलं नाहीत, तर पचमढी. दोघंच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मरून सुटकेस जन्मभर. आणि ती पिशवी मी भाजीला नेणार."

भालचंद्रराव त्याच दिवसापासून अभ्यासाला लागले. ऑफिसात ज्यांनी त्यांना आयुष्यात कुठल्या फाइलचा अभ्यास करताना पाहिलं नव्हतं, ते लोक चकित झाले. सगळ्यांत आधी त्यांना कळलं, की बॅग म्हणजे मुळात कापड. बाकी सगळं, म्हणजे पट्टे, खिसे, आतली फोमची पाठ, चेन, बकलं, हा केवळ मोह असतो. साधी बॅग घ्यावी, कापड बघून घ्यावं, आणि सुखी व्हावं.

त्यांचा मित्र शांताराम रोज संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तळ्याभोवती त्यांच्याबरोबर फिरायचा. दोघांचे वडील एकाच वेळी नागपूरहून सरकारी दप्तराबरोबर भोपाळला आलेले, त्यामुळे भालचंद्ररावांना हवं ते बोलायचा हक्क शांतारामला वारसाहक्कानं मिळाला होता.

"मोबाइलमध्ये काय पाहून राहिलास?" शांतारामनं विचारलं.

"डेनियर."

"म्हणजे?"

"धाग्याची जाडी. जितका आकडा मोठा तितका धागा जाड. जाड धागा टिकतो, पण वजन वाढतं."

"तू नेणार काय त्यात?"

"दोन बनियन, एक झब्बा, टॉवेल."

"मग बनियनला धाग्याचा काय फरक पडून राहिला? इंदूरला जाऊन राहिला ना तू? का हिमालयात?"

भालचंद्ररावांनी त्याला रिपस्टॉप विणीचं महत्त्व समजावून सांगितलं. कापडात बारीक चौकडी असते, एखादा चौकोन फाटला तर भोक पुढं पसरत नाही. शांतारामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या बनियनला लावून दे बाप्पा हे कापड."

एका दुकानानं कापडाचे नमुने पोस्टानं पाठवले. चार तुकडे होते. एक जाड कॅनव्हास, एक पॉलिएस्टर, एक करड्या रंगाचं रिपस्टॉप नायलॉन, आणि चौथं कसल्याशा परदेशी धाग्याचं पांढरट, पातळ, हातात घेतल्यावर करकरणारं. भालचंद्ररावांनी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. तुकडे विळीवर घासले. केकचं साहित्य मोजायच्या काट्यावर ठेवून तोलले. वरणाचे थेंब पाडून डाग बघितले. मग रात्रभर वाट्यांमध्ये पाण्यात बुडवून ठेवले.

"सिंकपाशी भिजत काय घातलंय?" वैजयंतीबाईंनी सकाळी विचारलं. "मी मटकी समजून उसळीचा कांदा चिरला."

"मटकी नाही, कॅनव्हास आहे. फार पाणी पितो. तो बाद."

वैजयंतीबाईंनी हात पुसत उरलेले तुकडे चाचपले आणि करडं नायलॉन उचललं. "हे घ्या. मळखाऊ आहे."

आता आपल्याकडे कापडाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. इथं गोष्ट संपायला हवी होती आणि शहाण्या माणसाच्या घरी ती संपलीही असती. नायलॉन हलकं होतं, मजबूत होतं, पाण्याला दाद देत नव्हतं. पण भालचंद्ररावांनी काटा पाहिला होता.

"पांढरं त्याच्याहून हलकं आहे," ते म्हणाले.

"कितीनं?"

"पूर्ण बॅगेचं म्हटलं तर... साधारण एका लिंबाएवढं."

"मग ते लिंबू मी माझ्या पर्समध्ये घेते. तुम्ही करडी घ्या."

पण अभ्यास केलेल्या माणसाला असं लिंबावरून हरवता येत नाही. भालचंद्ररावांनी पांढरी मागवली. पाणी, ताण, विळी, वरण, सगळ्या परीक्षांत ते कापड पहिलं आलं होतं. एकच गोष्ट त्यांनी केली नव्हती. तो तुकडा उचलून खिडकीतल्या उजेडासमोर धरला नव्हता.

बॅग आली. वैजयंतीबाईंनी ती सगळीकडून फिरवून पाहिली.

"खिसे कुठंयत?"

"खिसे म्हणजे वजन."

"चेन?"

"चेन म्हणजे वजन. तोंड गुंडाळायचं आणि बकल लावायचं."

"मग आत काय कुठं आहे ते बाहेरून कळणार कसं?"

"कळतं," भालचंद्रराव म्हणाले. ते किती खरं बोलत होते याची त्यांना कल्पना नव्हती.

इथं वैजयंतीबाईंच्या आहेराच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. घरोघरी असतं तसंच होतं ते. लग्नामुंजींत मिळालेल्या चादरी, शर्टपीस आणि वाट्यांचे सेट त्या कपाटात थोडे दिवस विसावा घेत आणि मग पुढच्या घरी निघत. नियम एकच, की जे ज्या घरून आलं ते त्या घरी जायचं नाही, आणि देणाऱ्याच्या नजरेलाही पडायचं नाही. वैजयंतीबाईंच्या हातून या बाबतीत एवढ्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. या खेपेला नितीन आणि त्याची बायको शिल्पा यांच्यासाठी चांदीचं निरांजन होतं, ते त्यांच्या पर्समध्ये गेलं. निर्मलामावशींसाठी एक डबल बेडची चादर काढली होती. हिरवीगार, आणि तिच्यावर कोंबड्याएवढे पोपट. वऱ्हाडपांड्यांच्या कोलार रोडवरच्या गृहप्रवेशाला ती शिल्पानंच दिली होती. मावशी नितीनच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहत होत्या, पण एरवी सुटकेसच्या पोटातून वस्तू परस्पर खाली गेली असती, त्यामुळे काळजीचं कारण नसतं.

सुटकेस नव्हती, म्हणून चादर भालचंद्ररावांच्या बॅगेत गेली. त्यांनी वजन वाचवायला तिचा पुठ्ठ्याचा खोका काढून टाकला. मग चकचकीत गिफ्टपेपरही काढला. (दात घासायच्या ब्रशचा अर्धा दांडा त्यांनी आदल्या दिवशीच कापला होता.) राहिली ती पातळ प्लॅस्टिकमधली चादर, पोपट बाहेरच्या बाजूला.

घरातल्या ट्यूबलाइटखाली बॅग नुसती पांढरी दिसत होती. बाहेर उन्हात आली तशी ती दुधी काचेसारखी झाली, आणि भालचंद्रराव आपली बनियनं, टॉवेल, दाढीचं सामान आणि नाडीसकट लेंगा सगळ्या भोपाळला दाखवत बसस्टँडवर पोचले. लोक वळून बघत होते. वैजयंतीबाई पुढं चालत असल्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. भालचंद्ररावांना वाटलं, हलक्या प्रवासाबद्दल आदर वाढतोय. बसमध्ये वैजयंतीबाई खिडकीपाशी बसून डोळे मिटून पडल्या आणि बॅग भालचंद्ररावांनी पायाशी, पिशव्यांच्या आड ठेवली. उतरताना मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "भाईसाब, आपका ब्रश टूट गया है शायद." भालचंद्ररावांना ही बाई अंतर्ज्ञानी वाटली.

नितीनचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता आणि हॉलला भिंतभर काचेची खिडकी होती. दुपारचं ऊन थेट आत येत होतं. भालचंद्रराव आत शिरले, चपला काढायला वळले, आणि बॅग बरोबर उजेडात आली.

"या जिजाजी," शिल्पा म्हणाली. मग ती बॅगेजवळ येऊन वाकली. मग म्हणाली, "ताई, हे पोपट ओळखीचे वाटतात."

वैजयंतीबाईंनी पाहिलं. नवऱ्याच्या पाठीवर पोपटांचा थवा बसला होता. त्यांनी मान खाली घातली. भालचंद्ररावांनी आयुष्यात बायकोला मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. त्यांना पचमढीचा दगड दूर दूर जाताना दिसला आणि सुचेल ते बोलायचं त्यांनी ठरवलं. (सुचेल ते बोलणारा माणूस आधीच काही न सुचणारा असला की काय होतं ते पुढं येईलच.)

"ओळखीचे असणारच," ते म्हणाले. "तूच दिलेली चादर. आम्ही जाऊ तिथं नेतो. हिच्याशिवाय मला झोपच येत नाही."

"खरंच?" शिल्पानं विचारलं.

"अगदी. अंगाला काय लागते म्हणून सांगू."

"पण जिजाजी, तिचं प्लॅस्टिकचं पाकीट अजून फोडलेलं नाही."

"जपतो," भालचंद्रराव म्हणाले.

शिल्पाला भरून आलं. तिच्या आहेराला एवढं प्रेम आजवर कुणीच दिलं नव्हतं. नितीनही सोफ्यावरून उठून आला. "कुठं कुठं नेली ही चादर?" त्यानं विचारलं, आणि भालचंद्रराव थांबले असते तर बरं झालं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही.

"सगळीकडे. आता पुढच्या महिन्यात पचमढीला नेणार."

"पचमढी? वा. कोण कोण जाताय?"

आता हा प्रश्न आला की काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. एकानं "चला ना तुम्हीही" म्हणायचं आणि दुसऱ्यानं "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं. दोघांनाही ते पाठ असतं. न म्हणणारा माणूस उद्धट ठरतो.

"आम्ही दोघंच," भालचंद्रराव म्हणाले. "चला ना तुम्हीही."

"चला," नितीन म्हणाला. "शिल्पे, पचमढी ठरली बघ. मावशीलाही घेऊ. किती दिवसांची बाहेर पडली नाहीये ती."

रात्री शिल्पानं कौतुकानं ती चादर स्वतःच्या हातानं अंथरली. भालचंद्रराव एका पोपटाच्या चोचीवर डोकं ठेवून छताकडे बघत पडले. मावशींना पर्समधला साडीचा फॉल देऊन वेळ भागवावी लागली.

परतीच्या बसमध्ये वैजयंतीबाई पर्स कवटाळून समोर बघत बसल्या. बॅग भालचंद्ररावांच्या मांडीवर होती. ती त्यांनी पालथी धरली होती, पण पारदर्शक वस्तूला पालथं धरून काही मिळत नाही. आष्टा गाव मागं पडलं तसे ते म्हणाले, "चूक झाली. तुझ्या माहेरी तुला खाली बघायला लावलं. पिशवी भाजीला ने."

"पोपटांचं काही नाही हो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शिल्पानं दिलेल्या त्या कपांच्या सेटवर मी माझ्या आत्याचं नाव वाचलं होतं. मी काही बोलले का?"

"मग?"

"तुम्ही सगळ्यांना बोलावलंत." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मला वाटलं होतं, दोघंच जाणार. मी चांगले चालायचे बूटसुद्धा बघून ठेवले होते."

भालचंद्ररावांना एकदम फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी फार बरंही वाटलं. एवढी वर्षं त्यांची समजूत होती, की पचमढीचं वेड त्यांना एकट्यालाच आहे.

"मी अट हरलोय पण," ते म्हणाले.

"अट मी घातली होती, मीच मागे घेते. मला जायचंय. नितीनचं बघते मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिल्पाला फोन लावला. भालचंद्रराव पेपर उलटा धरून ऐकत होते.

"अगं, याच ना सगळे. फक्त यांचा एक हट्ट आहे. सुटकेस कुणीच आणायची नाही. प्रत्येकाला तसलीच पांढरी बॅग... हो, तीच, आतलं सगळं दिसणारी... कपडे एकच जोड... नाही गं, सगळ्यांना दिसलं तर काय झालं, घरचेच तर आहोत... मावशीसाठीही मागवू ना?... अगोबाई, परीक्षा आहे का तुझ्या क्लासच्या मुलांची? मग राहू दे. पुढच्या वेळी नक्की."

त्यांनी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला गेल्या. एवढ्या वर्षांनी भालचंद्ररावांना पुन्हा एकदा त्यांच्याशी लग्न करावंसं वाटलं. त्यांनी तसं म्हणूनही टाकलं. "कणीक संपलीय, आधी ती आणा," असं उत्तर आलं.

पचमढीला निघताना वैजयंतीबाईंनी पाहिलं, की बॅग अर्धी रिकामी आहे. रिकामी पिशवी घराबाहेर नेणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. त्यांनी तिच्यात लाडूंच्या पुड्या भरल्या, मग चकल्या, मग शंकरपाळे, मग शेव. प्रत्येक पदार्थाच्या नीट वेगळ्या पुड्या, रबर लावलेल्या. बॅग गच्च झाली. भालचंद्ररावांनी तक्रार केली नाही. कापड ताणाला फार चांगलं होतं.

आणि मग ते खरंच गेले. नवे बूट घालून वैजयंतीबाई त्यांच्या पुढं पुढं चालत होत्या. संध्याकाळी धूपगढावर एका दगडावर दोघं बसले. बॅग त्यांनी बाजूला उभी करून ठेवली. ऊन तांबूस झालं होतं, वारा गार होता, आणि मैलोगणती एकही ओळखीचा माणूस नव्हता. भालचंद्ररावांना वाटलं, इतकं सुख आपल्याला सोसेल का. वैजयंतीबाईंनी त्यांच्या खांद्याला खांदा टेकवला.

तेवढ्यात एक कुटुंब त्यांच्यासमोर येऊन थांबलं. बाईंनी मावळतीच्या उन्हात उजळलेल्या बॅगेकडे निरखून पाहिलं.

"भैया, लड्डू कैसे दिए?"

भालचंद्रराव ताठ झाले. "हम बेचते नहीं हैं," ते म्हणाले. मध्य प्रदेश शासनात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं याहून जास्त काय बोलावं.

बाई नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "भाव वाढवायला बघून राहिलाय. आपल्याला बाहेरगावचं समजला असेल."

भाषा नागपूरची होती. आपल्याच गावच्या बाईनं आपल्याला ओळखू नये, हे भालचंद्ररावांना लागलं. त्यांनी आपलं पद, ऑफिस आणि आडनाव एका दमात सांगायला तोंड उघडलं. पण वैजयंतीबाईंनी त्याआधीच बॅगेचं बकल काढून एक पुडी बाईंच्या हातावर ठेवली होती.

"ले लीजिए बहनजी," त्या अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "बेसन के हैं, घर के. इनका आज पहला ही दिन है, भाव नहीं मालूम इनको."

बाईंनी लाडू चाखला, मान डोलावली, आणखी दोन पुड्या घेतल्या, आणि वैजयंतीबाई नको नको म्हणत असताना एक नोट भालचंद्ररावांच्या मांडीवर ठेवून निघून गेल्या. पलीकडच्या दगडावरून अजून दोघं-तिघं उठून इकडे येताना दिसत होते.

भालचंद्रराव त्या नोटेकडे बघत राहिले. वैजयंतीबाईंनी ती उचलली, कपाळाला लावली आणि पर्समध्ये टाकली.

"चला, भवानी झाली," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या पॉइंटवर बसू. तिथं गर्दी जास्त असते."